डब्ल्यूव्हीडायल: लिनक्सवर डायल-अप कुठे अडलं ते सांगणारा प्रोग्रॅम

लिनक्सवर मॉडेमने फोन लावून इंटरनेट जोडताना (म्हणजे डायल-अपने) प्रत्यक्ष जोडणी सांभाळतो तो पीपीपीडी हा प्रोग्रॅम; दोन टोकांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांना पीपीपी म्हणतात. डब्ल्यूव्हीडायल त्याच्या आधीचं काम करतो: मॉडेम जागा करायचा, नंबर फिरवायचा, पलीकडून काय येतंय ते वाचायचं, लागलं तर नाव-पासवर्ड द्यायचा आणि लाइन पीपीपीडीच्या हवाली करायची. डेव्ह कूम्ब्स आणि एव्हरी पेनारन यांनी 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो लिहिला. त्याचा सगळ्यात मोठा गुण असा की हे सगळं संभाषण तो ओळीओळीने पडद्यावर दाखवतो. खिडकीत नुसतं 'कनेक्ट होत आहे' दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लाइन मेली, पासवर्ड चुकला की केबल सुटली, काहीच कळत नाही. इथे कळतं, पण त्या ओळी वाचता आल्या पाहिजेत. म्हणून हा आढावा बिघाड शोधण्याच्या अंगाने लिहिला आहे. दोन प्रकारचे मॉडेम गृहीत धरले आहेत: सिरियल पोर्टला लागणारा बाहेरचा 56के मॉडेम आणि यूएसबीचा.

विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतर बरीच वर्षं घराघरांतून 172 ने सुरू होणारे नंबर फिरवले गेले. आता तो काळ सरला. अमेरिकेत एओएलनेही 30 सप्टेंबर 2025 ला आपली डायल-अप सेवा बंद केली. तरी तांब्याच्या तारेवरचा मॉडेम पूर्ण संपलेला नाही. दूरच्या ठिकाणचा राउटर मुख्य लाइन पडल्यावर मागच्या दाराने गाठायला, जुन्या यंत्रणांशी बोलायला, फॅक्स पाठवायला तो लागतो. जुने संगणक जपणाऱ्यांचीही एक मंडळी आहे.

संगणकाला हात लावण्याआधी एक चाचणी साध्या फोनवरून करा. ज्या नंबरला मॉडेम जोडायचा आहे तो फोनवरून फिरवा. पलीकडे मॉडेम असेल तर 2100 हर्ट्झचा लांब सूर आणि पाठोपाठ खरखर ऐकू येते. नुसती रिंग जात असेल किंवा 'हा नंबर अस्तित्वात नाही' असं ऐकू आलं तर लिनक्समध्ये शोधायचं काहीच नाही. मग रिसीव्हर उचलून एक आकडा दाबा. डायल टोन तुटतो, शांतता होते. त्या शांततेत चरचर, गुणगुण किंवा दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत असेल तर लाइन खराब आहे. महाराष्ट्रात पावसाळ्यात हे फार होतं, कारण खांबावरच्या डीपी बॉक्समध्ये आणि जमिनीतल्या जोडांत पाणी शिरतं. त्यावर मॉडेमची कुठलीही आज्ञा चालत नाही, लाइनमनच लागतो.

आता मूळ प्रोग्रॅम. पॅकेज टाकलं की आधी रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन 'डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ' चालवायचा. तो एकेक पोर्ट तपासतो, 2400, 9600 आणि 115200 या वेगांनी 'एटी' (मॉडेमच्या सगळ्या आज्ञा याच अक्षरांनी सुरू होतात) विचारून बघतो, 'ओके' आलं की आज्ञांची माळ हळूहळू वाढवत नेतो आणि जे चाललं ते इटीसीमधल्या 'डब्ल्यूव्हीडायल डॉट कॉन्फ' या फाइलीत लिहितो. हा भाग फार चांगला जमला आहे. मॉडेमची पुस्तिका हरवली असली तरी चालण्याजोगी इनिट ओळ, म्हणजे मॉडेमला सुरुवातीला द्यायच्या आज्ञांची ओळ, हातात पडते.

पण तो 'मॉडेम सापडला नाही' म्हणाला तर लगेच मॉडेमला दोष देऊ नका. यूएसबी मॉडेम असेल तर खोचल्यावर 'डीमेसेज', म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदी बघा. त्यात 'सीडीसी-एसीएम' हे ड्रायव्हरचं नाव आणि 'टीटीवायएसीएम0' हे उपकरण दिसलं तर कर्नलने तो ओळखला. युएसरोबोटिक्सचा 5637 असाच, वेगळा ड्रायव्हर न लागणारा. उपकरण दिसतं पण सापडत नाही, तर बहुतेक वेळा 'मॉडेममॅनेजर' ही सेवा ते धरून बसलेली असते. नवं सिरियल उपकरण दिसलं की ती त्याची चौकशी सुरू करते आणि तेवढ्यात दुसऱ्याने उघडलं तर 'डिव्हाइस बिझी' येतं. सेवा थांबवून पुन्हा बघा. मोबाइलचा डोंगल वापरत नसाल तर ती कायमची बंद केली तरी चालते. वापरत असाल तर यूडेव्हच्या (नवी उपकरणं ओळखणाऱ्या भागाच्या) नियमात त्या मॉडेमपुरतं 'आयडी-एमएम-डिव्हाइस-इग्नोर' 1 करा.

सिरियल मॉडेमचं वेगळं आहे. टीटीवायएस0 म्हणजे कॉम1, टीटीवायएस1 म्हणजे कॉम2. लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसल्याने यूएसबी-सिरियल केबल लावली तर उपकरण टीटीवाययूएसबी0 असतं. उबुंटू 22.04 मध्ये सीएच340 चिपच्या स्वस्त केबलीला 'बीआरएलटीटीवाय' हा ब्रेल पडद्यांचा प्रोग्रॅम आपलं उपकरण समजून पळवतो. खोचल्यावर टीटीवाययूएसबी0 क्षणभर दिसून नाहीसं होत असेल तर हेच कारण. ब्रेल पडदा वापरत नसाल तर ते पॅकेज काढा. केबल विकत घ्यायचीच असेल तर एफटीडीआय चिपची घ्या, थोडी महाग पडते पण हार्डवेअर फ्लो कंट्रोल (साठा भरला की तारेवरूनच समोरच्याला थांबवणं) नीट पाळते. परवानगीचा प्रश्न आला तर डेबियन-उबुंटूत वापरकर्त्याला 'डायलआउट' गटात घालायचं, आर्चमध्ये 'यूयूसीपी' गटात, आणि लॉगआउट करून परत यायचं.

युएसरोबोटिक्सच्या स्पोर्टस्टर घराण्यातल्या बाहेरच्या मॉडेममागे आठ बारीक डीआयपी स्विच असतात. 3, 5 आणि 8 खाली, बाकीचे वर, ही नेहमीची मांडणी. 3 वर गेला तर मॉडेम उत्तरंच देत नाही आणि डब्ल्यूव्हीडायलकॉन्फला तो मेलेला वाटतो. 8 वर गेला तर 'एटी' आज्ञाच ऐकत नाही. जुना मॉडेम विकत घेतल्यावर पहिल्यांदा हे स्विच बघावेत. सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालून वाया जाणारा बराच वेळ इथेच वाचतो.

संगणकाच्या आत बसणाऱ्या स्वस्त पीसीआय मॉडेमबद्दल थोडक्यात: त्यातले बहुतेक विनमॉडेम. आवाजाचं गणित करणारा भाग कार्डावर नसतोच, तो ड्रायव्हरने संगणकाच्या प्रोसेसरवर करायचा असतो. कोनेक्झंट चिपसाठी लिनक्सअँट कंपनीचा ड्रायव्हर होता, पण त्याची फुकट आवृत्ती 14.4 केबीपीएसवर अडवलेली होती. स्मार्टलिंकच्या एसएलमोडेमडीमधला महत्त्वाचा भाग 32 बिटचा, स्रोत न दिलेला. आज यात वेळ घालू नये, बाहेरचा मॉडेम घ्यावा.

मॉडेम सापडला की कॉन्फ फाइल उघडा. फोन, यूजरनेम आणि पासवर्ड या तीन ओळींच्या सुरुवातीला अर्धविराम असतो. तो न काढता नुसती माहिती भरली की 'वैध फोन नंबर दिलेला नाही' अशी तक्रार येते. ऑफिसच्या ईपीएबीएक्समधून बाहेर जायचं असेल तर आधी 0 किंवा 9, मग स्वल्पविराम, मग नंबर. एक स्वल्पविराम म्हणजे साधारण 2 सेकंद थांबणं. ही वेळ मॉडेमच्या एस8 रजिस्टरमध्ये (सेटिंगचा आकडा साठवण्याच्या जागेत) असते. यूजरनेमपुढे '@' लावून सेवा देणाऱ्याचं नाव लागतं का, हे आधी विचारून घ्या. पासवर्ड या फाइलीत उघडा लिहिलेला राहतो, म्हणून तिची परवानगी 600 करा. प्रोग्रॅमने हे स्वतःहून करायला हवं होतं.

आता सुडो लावून 'डब्ल्यूव्हीडायल' चालवा. 'कॅनॉट गेट इन्फर्मेशन फॉर सिरियल पोर्ट' ही ओळ यूएसबी उपकरणांवर येते, ती निरुपद्रवी आहे. पुढे एटीझेड, ओके, इनिट ओळ, ओके, 'मॉडेम इनिशियलाइज्ड', मग एटीडीटी आणि नंबर. यानंतर काय येतं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

'नो डायलटोन' आलं तर तार मॉडेमच्या 'लाइन' खाचेत आहे का 'फोन' खाचेत, ते आधी बघा. तार बरोबर असूनही तेच आलं तर टोनचा प्रश्न असू शकतो. भारतातला डायल टोन 400 हर्ट्झचा, 25 हर्ट्झने हेलकावणारा. अमेरिकेचा 350 आणि 440 यांचा मिलाफ. अमेरिकेसाठी जुळवलेल्या मॉडेमला आपला टोन ओळखता येत नाही. कॉन्फ फाइलीतल्या 'इनिट2' या ओळीत 'एटीएक्स3' घाला, म्हणजे तो टोनची वाट न बघता नंबर फिरवेल आणि 'बिझी' मात्र ओळखत राहील. कोनेक्झंट चिपच्या मॉडेमला 'एटी+जीसीआय=53' देऊन देश भारत करता येतो आणि हा उपाय जास्त चांगला, कारण बिझी टोनही नीट ओळखला जातो. नंबर फिरवल्यावरही स्पीकरमधून डायल टोन तसाच ऐकू येत असेल तर एक्सचेंज टोनने डायलिंग घेत नाही. 'डायल कमांड' या ओळीत एटीडीपी लिहून पल्सने बघा.

'नो कॅरियर' (पलीकडच्या मॉडेमचा वाहक सूर मिळाला नाही किंवा गेला) सगळ्यात त्रासदायक, कारण त्यामागे बरीच कारणं असतात. स्पीकर चालू ठेवा (एटीएम1) आणि ऐका. पलीकडून रिंगच जात राहिली आणि मग 'नो कॅरियर', तर उचलणारं कोणी नाही. दोन्ही मॉडेमची खरखर बराच वेळ चालली आणि मग तुटलं, तर वाटाघाटीला वेळ कमी पडतोय. एस7 रजिस्टर (कॅरियरची किती सेकंद वाट बघायची ते) 60 वरून 90 करा. खरखर होऊन परत परत पहिल्यापासून सुरू होत असेल तर लाइनला 56के झेपत नाही. ज्या मॉडेमला +एमएस आज्ञा समजते त्याला 'एटी+एमएस=व्ही34' देऊन 33.6 च्या वर जाऊ देऊ नका. वेग कमी दिसेल, पण जोडणी टिकेल.

इथे एका गोष्टीचं भान हवं. व्ही.90 चा (56के मॉडेमच्या मानकाचा) वेग मिळायचा तर सेवा देणाऱ्याच्या टोकापासून तुमच्या घरापर्यंत डिजिटलचं ॲनालॉग एकदाच व्हायला लागतं. मध्ये एकाच तारेवर दोन फोन चालवणारं यंत्र किंवा आणखी एक रूपांतर आलं की 33.6 हीच मर्यादा. आणि आता तांब्याऐवजी फायबर आल्यावर घरातला फोन ओएनटी डब्याच्या (फायबर घरात जिथे संपते त्या डब्याच्या) मागे लावलेला असतो. त्या डब्यात आवाजाची पाकिटं होतात. बोलण्यासाठी दाबून लहान केलेला जी.729 सारखा कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) असेल तर मॉडेमचा सूर त्यातून धड बाहेरच पडत नाही. जी.711 असेल तर कमी वेगावर जुळू शकतं, पण एखादं पाकीट उशिरा आलं की कॅरियर जातो. अशा लाइनवर 9600 किंवा 14,400 वर अडवून बघावं. त्याहून जास्त अपेक्षा धरू नये.

'कनेक्ट' आलं की मॉडेमचं काम झालं. पुढचा आकडा जपून वाचा. 'कनेक्ट 115200' हा संगणक आणि मॉडेममधला वेग, लाइनचा नव्हे. कोनेक्झंट मॉडेमला इनिट ओळीत 'डब्ल्यू2' दिलं की लाइनचा खरा वेग दिसतो. चांगल्या तारेवर तो 44,000 ते 50,000 च्या दरम्यान असतो.

आता डब्ल्यूव्हीडायल 'कॅरियर डिटेक्टेड, वेटिंग फॉर प्रॉम्प्ट' म्हणतो. या टप्प्यावर त्याचा हुशारपणा कधी कामी येतो, कधी आड येतो. पलीकडून 'लॉगिन' असा शब्द आला तर तो नाव पाठवतो, 'पासवर्ड' आला तर पासवर्ड, आणि नुसता प्रॉम्प्ट (आज्ञेची वाट बघणारी खूण) आला तर 'पीपीपी' टाइप करतो. आधी अक्षरांत लॉगिन विचारणाऱ्या जुन्या टर्मिनल सर्व्हरवर हे अगदी बरोबर चालतं. पण जो सर्व्हर काहीही न विचारता थेट पीपीपी बोलण्याची वाट बघतो, तिथे हा थांबून राहतो आणि शेवटी 'काय करावं कळत नाही, पीपीपीडी सुरू करतोय' अशा अर्थाची ओळ लिहितो. तेवढ्यात पलीकडचा कंटाळून फोन ठेवतो. अशा वेळी कॉन्फ फाइलीत 'स्टुपिड मोड = येस'. नावावर जाऊ नका, बहुतेक सेवांसाठी हेच योग्य आहे आणि हे मुळातच चालू ठेवलेलं असतं तर बरं झालं असतं. मात्र लॉगिन विचारणाऱ्या सर्व्हरवर तो चालू ठेवला तर उलटी अडचण होते: आपण पाठवलेली पीपीपीची अक्षरं लॉगिन प्रॉम्प्ट जशीच्या तशी परत पाठवतो आणि पीपीपीडी 'सिरियल लाइन इज लूप्ड बॅक' म्हणून सोडून देतो.

पीपीपीडी मेला की डब्ल्यूव्हीडायल त्याचा एक्झिट कोड (का थांबला ते सांगणारा आकडा) छापतो. कारण इथेच असतं, वरची गद्य ओळ वाचून थांबू नका. 19 म्हणजे आपलं नाव-पासवर्ड पलीकडच्याने नाकारलं. 16 म्हणजे मॉडेमने फोन ठेवला. हे जुळल्याजुळल्या झालं तर पलीकडच्याने कापलं, वीस मिनिटांनी झालं तर लाइन. 10 म्हणजे पीपीपीची बोलणी फिसकटली. 17 म्हणजे वर सांगितलेला लूप. 15 म्हणजे पलीकडून प्रतिसाद बंद झाला. 7 म्हणजे पोर्टच उघडलं नाही, आणि 4 म्हणजे कर्नलमध्ये पीपीपी नाही, जे हाताने बांधलेल्या कर्नलमध्येच सहसा दिसतं.

19 आला आणि पासवर्ड नक्की बरोबर आहे, तर इटीसीच्या पीपीपी फोल्डरमधल्या 'पॅप-सीक्रेट्स' आणि 'चॅप-सीक्रेट्स' या फाइली बघा; पॅप आणि चॅप या ओळख पटवण्याच्या दोन पद्धती. डब्ल्यूव्हीडायल आपली नोंद त्यात स्वतः करतो. साध्या वापरकर्त्याने चालवला तर लिहिता येत नाही, आणि 'पॅप कदाचित नीट चालणार नाही' असा इशारा देऊन तो तसाच पुढे जातो. जोडणीचा प्रयत्न मग जुन्या, चुकीच्या पासवर्डने होतो. इशारा डोळ्यांसमोरून सरकून जातो, कारण प्रोग्रॅम तिथे थांबत नाही. ही या प्रोग्रॅमची खरी उणीव आहे. जुन्या नोंदी काढा आणि रूटने चालवा.

अर्ध्या तासाने, कधी दहा मिनिटांनी लाइन पडत असेल तर आधी कॉल वेटिंग बंद करून घ्या; मधला 'बीप' मॉडेमला कॅरियर गेल्यासारखा वाटतो. एस10 रजिस्टर हे कॅरियर गेल्यावर किती वेळ थांबायचं ते दशांश सेकंदांत सांगतं. मुळात ते साधारण 14, म्हणजे 1.4 सेकंद असतं. 50 केलं की बारीकसारीक खरखर सहन होते. समांतर जोडलेले फोन काढून बघा, आणि त्याच तारेवर ब्रॉडबँड असेल तर मॉडेमच्या आधी फिल्टर हवाच.

'कनेक्टेड' आलं, आयपी पत्ता मिळाला, तरी पान उघडत नाही? 8.8.8.8 ला पिंग करा. उत्तर आलं आणि नावाने पान उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सेवा. पीपीपीडीला मिळालेले पत्ते पीपीपी फोल्डरमधल्या 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ'मध्ये असतात, ते मुख्य फाइलीत पोचले का बघा. पिंगलाच उत्तर नाही, तर 'आयपी रूट' बघा. इथरनेटचा डिफॉल्ट रूट (बाहेर जाण्याचा ठरलेला मार्ग) आधीपासून असेल तर पीपीपीडी त्याला हात लावत नाही आणि सगळी वाहतूक बंद पडलेल्या इथरनेटकडेच जात राहते. इथरनेट खाली करून पुन्हा डायल करा. याच कारणाने आणखी एक विचित्र बिघाड होतो: डिफॉल्ट रूट आधी असेल तर पीपीपीडी पलीकडच्यालाच ओळख पटवायला सांगतो, जी कोणताही सेवा देणारा पटवत नाही. पीपीपीडीच्या पर्यायांत 'नोऑथ' (पलीकडच्याची ओळख मागू नको) हवा. 'न्यू पीपीपीडी = येस' असेल तर डब्ल्यूव्हीडायल तो आपल्या पीअर्स फाइलीतून (एका जोडणीचे पर्याय लिहिलेल्या फाइलीतून) देतो; ती फाइल कोणी बदलली तर मात्र तो पर्याय निघून जातो.

जोडणी ठीक, पण वेग निम्मा? 49,000 च्या जोडणीवर सेकंदाला साधारण 5 ते 6 किलोबाइट यायला हवेत, म्हणजे एक मेगाबाइटला तीन मिनिटांच्या आसपास. जुन्या संगणकावर प्रॉक फोल्डरमधल्या टीटीवाय-ड्रायव्हर-सिरियल या फाइलीत 'ओई' हा आकडा वाढतोय का बघा. वाढत असेल तर अक्षरं उचलण्याआधीच पुढची येऊन पडताहेत. यूएआरटी (सिरियल पोर्टची चिप) 16550ए असेल तर त्यात 16 अक्षरांचा साठा असतो. 8250 किंवा 16450 मध्ये एकच, तिथे कॉन्फ फाइलीत बॉड (संगणक आणि मॉडेममधला वेग) 115200 ऐवजी 38400 ठेवा. हार्डवेअर फ्लो कंट्रोलही तपासा: कोनेक्झंटला &के3, युएसरोबोटिक्सच्या जुन्या मॉडेमला &एफ1.

रोजच्या वापरासाठी डब्ल्यूव्हीडायल ठेवावा का? राखणीला माणूस असेल तर हो. माणसाविना चालणाऱ्या यंत्रावर मात्र नको. 'ऑटो रीकनेक्ट' चालू राहिला आणि पासवर्ड चुकलेला असला तर तो परत परत फोन लावतो, आणि पलीकडचा मॉडेम उचलतो त्या प्रत्येक वेळी एक कॉल बिलात चढतो. बिघाड शोधून झाला की पडद्यावर चाललेली इनिट ओळ आणि नंबर उचलून पीपीपीडी आणि 'चॅट' (पीपीपीडीसाठी नंबर फिरवणारा छोटा प्रोग्रॅम) यांच्या पीअर्स फाइलीत टाका: पोर्ट, 115200, 'सीआरटीएससीटीएस', 'लॉक', 'डिफॉल्टरूट', 'यूजपीअरडीएनएस', 'नोऑथ', 'पर्सिस्ट', त्यासोबत 'होल्डऑफ 30' आणि 'मॅक्सफेल 5'. चॅटच्या ओळीत 'बिझी', 'नो कॅरियर' आणि 'नो डायलटोन' या तिन्हींवर 'अबॉर्ट' लिहायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक फसलेल्या कॉलवर तो 45 सेकंद नुसता ताटकळत बसतो.